एका रुपयातला तास : व्हिडिओ गेम पार्लरच्या आठवणी (एका मराठी चर्चामंचावरचा धागा, प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

कृष्णाकाठ

सांगलीच्या एसटी स्थानकामागच्या एका बोळात, सायकल दुरुस्तीचे दुकान आणि रसवंतीगृह यांच्या मधोमध, माझ्या शाळेच्या शेवटच्या चार वर्षांत, म्हणजे १९९४ ते १९९८ या काळात, एक व्हिडिओ गेम पार्लर होते. पार्लर हा शब्द फक्त फलकावर होता. आम्ही त्याला ‘गेमचे दुकान’ म्हणत असू. आत पाच मशिने, छताला करकरणारा एक पंखा आणि दारावर जाड खाकी पडदा. पडदा ऊन अडवण्यासाठी आहे असे मालक सांगत, पण त्याचा खरा उपयोग रस्त्याने जाणाऱ्या काका-मामांच्या नजरेपासून आमचे रक्षण करणे हा होता.

मला मिळणारे पैसे ठरलेले होते : रोज एक रुपया आणि शनिवारी दोन. माझ्यासारख्या बेताच्या खेळाडूचा एक रुपया चार-पाच मिनिटांत संपत असे आणि तरीही मी तिथे दीड-दोन तास उभा असे. आता मागे वळून हिशेब करतो तेव्हा लक्षात येते की त्या दुकानात मी खेळलो अगदी थोडे आणि पाहिले अफाट. इतरांच्या खांद्यांवरून, काखेतून, कधी बाकड्यावर चढून पाहिले. हे पाहणे म्हणजे खेळायला न मिळाल्याची भरपाई होती असे मला वाटत नाही. पार्लर म्हणून जे काही होते ते त्या पाठीमागच्या घोळक्यातच होते, असे माझे मत आहे.

आमच्या मधल्या मशिनवर ‘मुस्तफा’ होता. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ सालच्या या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे आणि कथेप्रमाणे त्याचा नायक जॅक टेनरेक आहे, हे मला नोकरीला लागल्यानंतर कळले. चार पात्रांपैकी पिवळी टोपी घातलेला, सर्वांत चपळ आणि धावत येऊन लाथ मारणारा तो मुस्तफा, आणि म्हणून अख्खा खेळच मुस्तफा. पुढे पुणे, इंदूर, हैदराबाद असे कुठकुठले सहकारी भेटले, त्या सर्वांच्या गावी हा खेळ याच नावाने ओळखला जात होता. हे बारसे कोणी केले आणि ते इतक्या गावांत कसे पोहोचले, याचे मला अजूनही कुतूहल आहे.

घोळक्याचे नियम कोणी लिहून ठेवले नव्हते, पण ते सर्वांना पाठ होते. काचेखालच्या पट्टीवर रुपया ठेवला की नंबर लागला. मग तो रुपया कोणाचा आहे याबद्दल वाद होत नसे. खेळणाऱ्याच्या हाताला धक्का लागता कामा नये. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये, पण एखाद्याची शेवटची लाइफ उरली असेल आणि डाव्या पिंपात खाणे असल्याचे त्याला ठाऊक नसेल, तर ‘पिंप!’ एवढे ओरडण्याची मुभा होती. कोणते पिंप फोडले की मांस निघते, कोणत्यातून बाझूका, दोन सुऱ्या घेऊन येणाऱ्या खाटकाला कोणत्या कोपऱ्यात गाठायचे, ही सर्व विद्या पाहून पाहूनच पसरत होती.

आमच्याकडे आठही राउंड एका रुपयात पूर्ण करणारा एकच जण होता. तो शेजारच्या गॅरेजमध्ये काम करणारा, आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा मुलगा. दुपारी जेवणाच्या सुटीत तो येई, बोटांचे ग्रीस चिंध्यांनी पुसे आणि खेळायला उभा राही. त्याच्या मागे डॉक्टरांचा मुलगा, हमालाचा मुलगा आणि मी असे तिघेही तोंडाचा आ करून उभे असू. शाळेत पहिला येणाऱ्या मुलाकडेही मी कधी अशा नजरेने पाहिलेले नाही.

इतर सभासदांचाही अनुभव असाच आहे का? आणि जाणकारांसाठी एक प्रश्न : आमच्या मुस्तफाला पार्श्वसंगीत जवळजवळ नव्हतेच. ठोसे, आरोळ्या, स्फोट एवढेच ऐकू येई. हे सर्वत्र असेच होते की आमचे मशिन बिघडलेले होते?

चहाबाज

धागा उत्तम आहे, पण मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. दादरच्या आमच्या पार्लरमध्ये पाहणारा हा केवळ रांगेत उभा असलेला खेळणारा होता, कारण आमच्याकडे मुस्तफापेक्षा ‘स्ट्रीट फायटर’ला आणि पुढे ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ला मान होता. या खेळांत दोघे समोरासमोर लढतात. हरलेला बाजूला होतो, जिंकलेला त्याच रुपयावर पुढच्याशी लढतो. त्यामुळे मागे उभा असलेला मनुष्य कौतुकाने पाहत नसतो. पुढचा कोणती चूक वारंवार करतो हे तो टिपून घेत असतो. मी स्वतः एका कॉलेजकुमाराची सवय तीन दिवस पाहिली होती. तो घाबरला की मागे उडी मारत असे. चौथ्या दिवशी रुपया ठेवला आणि त्याला सलग दोन राउंड हरवले. त्यानंतर त्याने आठवडाभर माझ्याशी ओळख दाखवली नाही.

स्ट्रीट फायटरमधल्या रियू या पात्राच्या हातातून निघणाऱ्या निळ्या गोळ्याला आम्ही ‘आडुकेन’ म्हणत असू. मूळ शब्द ‘हाडोकेन’ आहे हे समजल्यावरही मला तो चुकीचा वाटतो.

आमच्या मशिनवर रियू हवेत असतानाही गोळे सोडत असे, ते गोळे वळत वळत जात आणि लढाई चालू असताना स्टार्टचे बटण दाबले की पात्रच बदलून जाई. हाच खरा स्ट्रीट फायटर, अशी आमची श्रद्धा होती. पुढे एका मित्राच्या घरी अधिकृत आवृत्ती खेळलो तेव्हा ती सदोष आहे असे वाटून मी सीडी बदलून आणायला सांगितले होते. प्रत्यक्षात १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये परस्पर फेरफार करून बनवलेले नकली बोर्ड (मशिनच्या आतली, खेळ साठवलेली इलेक्ट्रॉनिक पाटी) तेव्हा जगभर फिरत होते आणि आमच्या वाट्याला त्यांतलाच एक आला होता. गंमत अशी की या नकली आवृत्त्यांचा वेग लोकांना आवडू लागल्यामुळे कॅपकॉमलाच १९९२ च्या अखेरीस वेगवान ‘टर्बो’ आवृत्ती काढावी लागली.

गल्ल्यावरचा

दोघांचेही म्हणणे वाचले. आता गल्ल्याच्या बाजूने सांगतो, कारण नाशिकमधले असे एक पार्लर माझ्या वडिलांचे होते आणि सुटीच्या दिवशी मी तिथे बसत असे.

मशिनचा धंदा एका रुपयाचा नसून त्या रुपयाला लागणाऱ्या मिनिटांचा असतो. दोघे लढतात त्या खेळात एका राउंडचे घड्याळ ९९ पासून खाली मोजत येते, त्यामुळे चार-पाच मिनिटांत कोणी तरी हरतो आणि नवा रुपया पडतो. मुस्तफासारख्या खेळात मात्र एखादा पटाईत खेळाडू एका रुपयात तासभर मशिन अडवतो. तीन जण एकदम खेळले तरच तो खेळ मालकाला परवडतो. म्हणून वडील नवख्या मुलांना ‘एकटा कशाला, मित्राला घे की’ असे अगदी मायेने सांगत. ती माया कोठून येत होती हे मला पुढे हिशेबाची वही लिहू लागल्यावर समजले.

बोर्डावर बारीक स्विचांची एक पट्टी असते. तिने खेळाची काठिण्यपातळी आणि लाइफची संख्या बदलता येते. उन्हाळ्याच्या सुटीत गर्दी वाढली की वडील रात्री मागचे दार उघडून ते स्विच सरकवत. सकाळी मुले म्हणत, ‘आज डाकू लवकर मरत नाहीत.’ वडील म्हणत, ‘तुझा हात बसलेला नाही अजून.’ त्या सर्व मुलांची मी आज वडिलांच्या वतीने माफी मागतो.

कृष्णाकाठ यांनी गॅरेजमधल्या मुलाबद्दल लिहिले आहे. तसा एक जण आमच्याकडेही होता. त्याला वडील दुपारी एक ते तीन या वेळात येऊ देत आणि संध्याकाळी सहानंतर ‘मशिन गरम झाले आहे’ असे सांगून परत पाठवत. दुपारी दुकान रिकामे असे. तो खेळायला उभा राहिला की दहा जण पाहायला थांबत आणि त्यातले चार जण बाजूच्या मशिनवर रुपया टाकत. संध्याकाळी मात्र तोच तोट्याचा सौदा ठरे. तेव्हा घोळक्याची किंमत वडिलांना पूर्ण ठाऊक होती, इतकेच की ती त्यांनी रुपयांत मोजलेली होती.

शाळेच्या गणवेशात पाचपूर्वी कोणालाही आत घ्यायचे नाही असा नियम होता. परिणामी बऱ्याच दप्तरांत एक रंगीत शर्ट कायम घडी करून ठेवलेला असे. वीज गेली की सर्वांत मोठी पंचाईत होई, कारण मशिनला मागचे काहीच आठवत नसे. कोणाचे किती उरले होते ते वडील वहीत लिहून ठेवत, आणि वीज परत आल्यावर प्रत्येकाच्या म्हणण्याप्रमाणे तो शेवटच्या राउंडलाच पोहोचलेला असे.

सोल्डर_आणि_पक्कड

मी पुण्यात बारा वर्षे ही मशिने दुरुस्त करत होतो. काही खुलासे करतो.

आधी आवाजाचा प्रश्न. मुस्तफाच्या मूळ बोर्डावर ‘क्यूसाउंड’ नावाची ध्वनियंत्रणा होती आणि तिचा प्रोसेसर संकेतबद्ध होता. संकेताची किल्ली बॅटरीवर जिवंत राहत असे. बॅटरी संपली की किल्ली गेली आणि चांगला बोर्ड निकामी झाला. नक्कल करणाऱ्यांनी हा भाग टाळून साधी, स्वस्त ध्वनिचिप बसवली, तिच्यात ठोसे आणि आरोळ्या मावत, संगीत नावापुरते. माझ्या हातून गेलेल्या मुस्तफांपैकी बहुतेक असेच होते. तेव्हा आपले मशिन बिघडलेले नसावे, त्यातला बोर्डच त्या जातीचा असावा.

दुसरे म्हणजे बोर्ड बदलणे इतके सोपे का होते. जपानी उत्पादकांच्या ‘जामा’ या संघटनेने १९८५ च्या सुमारास ५६ टोकांचा एक सामाईक जोड ठरवून दिला. त्यामुळे लाकडी पेटी, पडदा आणि दांडा तोच ठेवून फक्त बोर्ड बदलला की नवा खेळ सुरू होई. सोमवारी मुलांना पेटीवर ‘कॉन्ट्रा’ या गोळीबाराच्या खेळाचे चित्र आणि आत भलताच खेळ दिसे तो यामुळेच. एसएनके या कंपनीच्या निओ जिओ मशिनमध्ये तर कॅसेट बदलली की काम भागत असे.

आता गॅसच्या लायटरबद्दल, कारण तो विषय निघणारच. नाणे पडल्याचे बोर्डाला कळते ते असे : एका तारेवर पाच व्होल्टचा दाब कायम असतो आणि नाण्याने आतली पट्टी दाबली की ती तार क्षणभर शून्यावर येते. पेटवण्याच्या लायटरची ठिणगी नाण्याच्या फटीजवळ उडवली की त्या तारेत विजेचा झटका शिरे आणि बोर्डाला वाटे, रुपया पडला. ही युक्ती जिथे अर्थिंग धड नव्हते तिथे हमखास चाले. मालक मला बोलावत, मी पेटीच्या पत्र्याला अर्थिंगची तार जोडून त्या तारेवर एक छोटा कपॅसिटर लावत असे. काम पाच रुपयांच्या मालाचे होते, मी मजुरी पन्नास रुपये घेत असे. दोरा बांधलेल्या नाण्यावर मात्र इलाज नव्हता. तिथे गल्ल्यावर बसलेल्याचे डोळे हाच इलाज.

सर्वांत जास्त बिघडणारी वस्तू विचाराल तर ती म्हणजे लाथ मारण्याचे बटण. त्याखालची मायक्रोस्विच दर महिन्याला बदलावी लागे.

उंबरठ्यावरून

इतके प्रतिसाद आले आणि एकही मुलीचा नाही, याचे मला आश्चर्य वाटले नाही.

कोल्हापूरला आमच्या घराच्या कोपऱ्यावर असे पार्लर होते आणि संध्याकाळी भावाला जेवायला बोलावून आणणे हे माझे काम होते. आत जायचे नाही, पायरीवरूनच हाक मारायची, अशी आईची सूचना होती. ‘दादा, आई बोलावतेय’ असे म्हटले की आतून ‘आलो, एक लाइफ राहिली आहे’ असे उत्तर येई. त्या एका लाइफच्या आधारे मी तीन वर्षे रोज दहा-पंधरा मिनिटे पायरीवर उभी राहिले. पडदा अर्धा सरकवलेला असे, त्यामुळे मला मशिनच्या स्क्रीनचा उजवा भागच दिसे. शत्रू कुठून येतात ते मला ठाऊक होते, मार खाणारा बहुधा दिसत नसे.

चहाबाज यांनी पाहणारा हा रांगेतला खेळणारा असतो असे लिहिले आहे. मी कोणत्याच रांगेत नव्हते. माझा रुपया कधी त्या पट्टीवर पडणार नव्हता, हे मलाही ठाऊक होते आणि आतल्या मुलांनाही. म्हणून कृष्णाकाठ यांचे पाहण्याचे कौतुक मी समजू शकते, पण ‘पार्लर घोळक्यात होते’ हे वाक्य वाचताना तो घोळका उंबरठ्याच्या आत होता एवढे नमूद करावेसे वाटते.

एक निरीक्षण. मुस्तफाच्या खेळात हॅना नावाची स्त्री पात्र होती आणि हत्यारे वापरण्यात ती इतरांपेक्षा सरस होती, पण भाऊ आणि त्याचे मित्र तिला कधी घेत नसत. ज्याला यायला उशीर व्हायचा तो नाइलाजाने हॅना घेई आणि इतर त्याला चिडवत. पुढे घरी टीव्हीला जोडायचा गेम आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कॉन्ट्रामध्ये मी भावाच्या पुढे गेले. तो आईला म्हणाला, ‘हिला आधीपासून येत होते.’ ते खरेच होते.

हौशी_वकील

पालकांना पार्लरचा जो धाक वाटत असे, त्याला थोडी कायदेशीर पार्श्वभूमीही होती. काही ठिकाणी व्हिडिओ गेमच्या नावाखाली पैसे लावण्याची यंत्रे चालत आणि पोलीस कारवाई करत. १९९५ साली एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा पार्लरांवर परवान्याचे नियंत्रण ठेवण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. आमच्या गावात छापा पडला तो जुगाराच्या यंत्रांवर, पण मार खाल्ला तो मी, कारण वडिलांच्या लेखी मशिन म्हणजे मशिन. ज्या मशिनवर मी उभा होतो त्याच्या पडद्यावर तेव्हा ‘विनर्स डोन्ट यूज ड्रग्ज’ असा संदेश झळकत होता. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खेळांत तो १९८९ पासून घातला जात असे आणि आमचा बोर्ड त्या आवृत्तीचा होता. वडिलांना तो वाचून दाखवावा असे मनात आले होते, पण कान त्यांच्या हातात होता.

पूर्वेकडे

मी तोक्योत राहतो. ताकादानोबाबा भागात ‘मिकाडो’ नावाचे जुन्या खेळांचे गेम सेंटर आहे, तिथे अधूनमधून जातो. शंभर येनचे नाणे टाकले की खेळ सुरू होतो. लढाईच्या खेळांसाठी मशिने पाठीला पाठ लावून मांडलेली असतात. तुम्ही स्टुलावर बसता आणि प्रतिस्पर्धी मशिनच्या पलीकडे, न दिसणारा. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी हरलो आणि कोणाकडून हरलो ते पाहण्यासाठी उठून पलीकडे गेलो. साठीचे एक गृहस्थ होते. त्यांनी किंचित मान लववली आणि लगेच पुढचा खेळ सुरू केला. माझे लहानपण ठाण्यातल्या ज्या पार्लरमध्ये गेले, तिथे हरलेल्याच्या पाठीवर किमान चार थापा पडत आणि त्यातली एक जरा जोरात असे. इथेही मागे उभे राहून पाहणारे लोक असतात, अगदी एकाग्रतेने पाहतात, पण ‘पिंप!’ असे ओरडणारा कोणी नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. चहाबाज, आपला मुद्दा लढाईच्या खेळांना लागू पडतो हे मान्य करतो. आमच्याकडे एकच स्ट्रीट फायटर होता आणि त्याचा दांडा डावीकडे वळत नसे, त्यामुळे ती संस्कृती आमच्यात रुजलीच नाही. उंबरठ्यावरून, आपला प्रतिसाद वाचल्यावर मी बहिणीला फोन केला. तिला आमच्या दुकानाच्या पायरीचा रंगसुद्धा आठवत होता. मला तो आठवत नव्हता, कारण मी कधी तिथे थांबलो नाही.

गल्ल्यावरचा, ‘मशिन गरम झाले आहे’ हे वाक्य आमच्याकडेही ऐकले होते आणि इतकी वर्षे मी ते खरे मानत होतो.

सोल्डर_आणि_पक्कड यांच्या खुलाशानंतर काल रात्री संगणकावर मूळ आवृत्ती लावून पाहिली. संगीत आहे, चांगले भरघोस आहे. पण पहिल्याच राउंडला दोनदा मेलो, कारण मागून शत्रू आल्याचे मला पूर्वी त्याच्या पावलांवरून आणि आरोळीवरून कळत असे आणि आता त्यावर ढोल वाजत होते. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन संगीत बंद करता येते का ते शोधले. आरोळ्या ठेवून फक्त संगीत काढण्याची सोय मला सापडली नाही. कोणाला ठाऊक असल्यास सांगावे.

सोल्डर_आणि_पक्कड

मूळ आवृत्तीत ते वेगळे काढणे कटकटीचे आहे. त्यापेक्षा संगणकावरच्या खेळांच्या त्याच यादीत नकली बोर्डांच्या आवृत्त्याही नोंदवलेल्या असतात, त्यांतली एखादी लावून पाहा. आपला मुस्तफा बहुधा तिथेच असेल.